कारण खरं, निष्कर्ष खोटा: लपलेली गृहीतकं कशी पकडायची

समजा, सोसायटीच्या वार्षिक सभेत असा ठराव येतो: 'टँकरवर गेल्या वर्षी ३,६०,००० रुपये खर्च झाले, यंदा ४,८६,००० झाले. म्हणजे लोक पाणी बेसुमार वापरतायत हे उघड आहे. तेव्हा प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवावा.' लगेच दोन तट पडतात. एकजण म्हणतो, आमच्या घरी माणसं दोनच. दुसरा म्हणतो, पण तुमची गाडी रोज पाइपने धुतली जाते. तासभर खडाजंगी होते, आणि ज्या वाक्यावर अख्खा ठराव उभा आहे त्याला कोणी हातही लावत नाही. कारण ते वाक्य ठरावात लिहिलेलंच नाही.

बोललं गेलेलं नाही, पण ज्याच्यावाचून निष्कर्ष निघूच शकत नाही, असं वाक्य म्हणजे गृहीतक. बहुतेक वादात दिलेली कारणं खरीच असतात. टँकरची बिलं कोणी खोटी ठरवत नाही. गडबड असते ती कारण आणि निष्कर्ष यांच्या मधल्या जागेत. ती जागा उघडी करायला फार हुशारी नाही, रीत लागते. एक कोरा कागद आणि वीसेक मिनिटं पुरतात.

आधी युक्तिवाद आहे का ते पाहा

'लाइट गेली, कारण ट्रान्सफॉर्मर जळाला.' यात 'कारण' हा शब्द आहे, पण युक्तिवाद नाही. लाइट गेलेली सगळ्यांना दिसतेच आहे. ती का गेली एवढंच सांगितलंय. 'लाइट आज रात्री येणार नाही, कारण ट्रान्सफॉर्मर जळालाय' हा मात्र युक्तिवाद, कारण रात्री लाइट येईल की नाही हे ऐकणाऱ्याला पटवायचं आहे. आणि बघा, इथे लगेच गृहीतकही सापडतं: नवा ट्रान्सफॉर्मर रात्रीपर्यंत बसणार नाही आणि दुसऱ्या फीडरवरून (विजेच्या दुसऱ्या मुख्य लाइनवरून) पुरवठा जोडता येणार नाही.

'पाऊस लांबला तर टँकर वाढतील' हे नुसतं जर-तर आहे. पाऊस लांबलाय असं बोलणाऱ्याने म्हटलेलं नाही, टँकर वाढणारच असंही नाही. अशा वाक्याला युक्तिवाद समजून त्याच्याशी भांडणं ही नेहमीची चूक.

वाक्यं सुटी करा

निष्कर्षाच्या आधी येणारे शब्द ठरलेले आहेत: म्हणून, त्यामुळे, तेव्हा, यावरून, म्हणजेच. वकिली नोटिशीत आणि अर्जांत 'सबब'. सगळ्यात सोयीचे सरकारी आदेश: 'ज्याअर्थी' खाली आधारविधानं (म्हणजे कारणं), 'त्याअर्थी' खाली निष्कर्ष, मांडणी आयतीच मिळते. कारण सांगणारे शब्दही ओळखीचे आहेत: कारण, -मुळे, शिवाय, एक तर. बोलण्यात हे शब्द बरेचदा गळतात. मग दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' घालून पाहायचं, आधी सरळ क्रमाने, मग उलट. ज्या क्रमाने वाक्य कानाला बरोबर लागतं तो युक्तिवादाचा क्रम.

आणखी काही शब्दांवर पेन्सिलने खूण करून ठेवा: उघड आहे, साहजिकच, कुणीही सांगेल, शेवटी काय तर. जिथे पायरी गाळलेली असते तिथे हे शब्द हमखास येतात. वरच्या ठरावात 'हे उघड आहे' कुठे आलंय ते पाहा.

आता ठराव असा उतरवा:

१. गेल्या वर्षी टँकरचा खर्च ३,६०,००० रुपये.
२. यंदा ४,८६,००० रुपये.
३. (१ आणि २ वरून) लोक पाणी बेसुमार वापरतायत.
४. (३ वरून) प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवावा.

उतरवताना टोमणे, विशेषणं, कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं गाळा. मात्र 'बेसुमार' गाळू नका, कारण त्यावर पुढचा निष्कर्ष अवलंबून आहे. आणि एक दिसलं का? वाटत होता एक युक्तिवाद, निघाले दोन. तिसरं वाक्य पहिल्याचा निष्कर्ष आहे आणि दुसऱ्याचा आधार. असं मधलं वाक्य सुटलं की दोन्ही उड्या एकाच उडीत मिसळतात आणि नेमकी कुठली उडी चुकली ते कळत नाही.

या टप्प्यावर आपल्या शब्दांत मांडलेला ठराव मांडणाऱ्यालाच वाचून दाखवावा. 'हो, हेच म्हणायचंय मला' असं त्याने म्हटलं तरच पुढे जा. आपल्याकडे शास्त्रार्थात, म्हणजे पंडितांच्या वादसभेत, आधी पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं) मांडायची पद्धत होती ती याचसाठी. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. पूर्वपक्ष नीट न मांडता गृहीतकं मोजायला बसलात तर तिसऱ्या प्रकारात जाल.

नवा शब्द पकडा

निष्कर्षात असा कुठला शब्द आहे जो कारणांत नव्हता? तो कुठून तरी आलेला असणार, आणि जिथून आला तिथे गृहीतक आहे. सगळ्या रीतीत हीच पायरी सर्वांत कामाची.

पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात शब्द आहे 'खर्च'. तिसऱ्यात आला 'वापर'. खर्चावरून वापरावर उडी मारायची तर मध्ये म्हणावं लागतं: खर्च वाढला तो वापर वाढल्यामुळे. पण खर्च म्हणजे टँकरची संख्या गुणिले दर. म्हणजे पहिलं गृहीतक: दर दोन्ही वर्षी जवळपास तोच होता. बिलांची फाइल काढा. समजा, गेल्या वर्षी ९०० रुपयांनी ४०० टँकर आले आणि यंदा १,२०० रुपयांनी ४०५. वाढलेले १,२६,००० कुठून आले ते मांडा: जादा ५ टँकर जुन्या दराने ४,५०० रुपये, ४०५ टँकरवर प्रत्येकी ३०० रुपये जादा, १,२१,५००. बेरीज जुळते. खर्च ३५ टक्क्यांनी वाढला, टँकर सव्वा टक्क्याने. तिसरं वाक्य इथेच लंगडं झालं, आणि कोणाची गाडी कशी धुतली जाते हे विचारावं लागलं नाही.

दर तोच निघाला असता तर काम संपलं नसतं. टँकर जास्त आले म्हणजे लोकांनी पाणी जास्त वापरलं, यातही उडी आहेच. तिने न बोलता धरलंय ते असं: महापालिकेचं पाणी दोन्ही वर्षी तेवढंच आलं, जमिनीखालची टाकी गळत नाही, वरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी थांबवणारी झडप) रात्री अडकून पाणी ओसंडत नाही, भरलेल्या फ्लॅटची संख्या वाढली नाही, आणि दहा हजार लिटरचा म्हणून आलेला टँकर खरंच दहा हजार लिटर ओततो. यातलं प्रत्येक तपासता येतं. टाकीची गळती बघायला रात्री अकरानंतर पंप आणि सगळे आउटलेट बंद ठेवून पातळीला खूण करायची आणि पहाटे पुन्हा पाहायचं. ज्या गृहीतकाची तपासणी फुकटात किंवा एका रात्रीत होते ते आधी घ्यावं. लोक नेमकं उलट करतात: ज्याचा पुरावा मिळणं जवळपास अशक्य (कोण किती वेळ शॉवर घेतो), त्यावरच भांडतात.

आता दुसरी उडी, तिसऱ्यावरून चौथ्यावर. नवे शब्द दोन: 'मीटर' आणि 'बसवावा'.

'मीटर' मागचं गृहीतक म्हणजे मीटर लागला की वापर घटतो. नुसता मीटर काही करत नाही. रीडिंग घेऊन त्यानुसार बिल काढलं तर काही होण्याची शक्यता. म्हणजे ठरावात न लिहिलेलं आणखी एक काम आहे: दर महिन्याला रीडिंग कोण घेणार आणि देखभाल खर्चाची वाटणी कशी बदलणार. शिवाय जुन्या इमारतींत वरच्या टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडासाला वेगवेगळ्या उभ्या लाइनी उतरतात. एका फ्लॅटमध्ये पाणी तीन ठिकाणांहून शिरतं. तिथे 'प्रत्येक फ्लॅटला मीटर' म्हणजे ४० फ्लॅटना १२० मीटर, नाहीतर भिंती फोडून नवीन प्लंबिंग. एका फ्लॅटला पाणी एकाच लाइनने येतं हे ठरावात गपचूप धरलं गेलंय. प्लंबरला पाच मिनिटं गच्चीवर नेलं की कळतं.

'बसवावा' मधला 'वा' वेगळ्या जातीचा आहे. आहे-होतं अशी कितीही वाक्यं रचली तरी त्यातून 'करावं' निघत नाही. त्यासाठी कुठलं तरी मूल्य, म्हणजे काय योग्य मानायचं ते, धरावंच लागतं. इथे ते असं: जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावं. बिलं तपासून हे खरं-खोटं ठरणार नाही. सहा माणसांचं कुटुंब आणि त्याच मजल्यावरचं दोघांचं कुटुंब यांना ते सारखं पटणार नाही. म्हणून मूल्याची गृहीतकं कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहायची. पहिल्या बाजूची तपासायची, दुसऱ्या बाजूची उघडपणे चर्चेला घ्यायची. या दोन बाजूंची सरमिसळ झाली की सभा रात्री साडेअकरापर्यंत चालते.

उलटं करून पाहा

शोधायला लागलं की गृहीतकांचा ढीग होतो. त्यातली युक्तिवादाला खरोखर लागणारी कुठली? प्रत्येक गृहीतकाचा नकार लिहा आणि विचारा: आता निष्कर्ष उभा राहतो का? कोसळला तर गृहीतक आवश्यक. उभा राहिला तर ते मदतनीस असेल, पण आवश्यक नाही. ते खोडून काही साधत नाही.

'मीटर बसवलेल्या सगळ्या सोसायट्यांत वापर कमी झाला.' याचा नकार: निदान एका सोसायटीत झाला नाही. ठराव टिकतो? आरामात. म्हणजे हे गृहीतक ठराव मांडणाऱ्याच्या गळ्यात बांधू नका. 'मीटरमुळे आपल्याकडे वापर थोडा तरी घटेल.' नकार: अजिबात घटणार नाही. पाणी वाचवायला म्हणून मांडलेला ठराव इथे कोसळतो. हे आवश्यक.

नकार करताना हात घसरतो तो 'सगळे' या शब्दावर. 'सगळे' चा नकार 'कोणीच नाही' नव्हे, 'निदान एक नाही' हा आहे. आणि 'काही' चा नकार 'कोणीच नाही'. हे उलटंपालटं झालं तर चाचणी चुकीचं उत्तर देते. तसाच 'च' सांभाळा. 'मीटरने पाणी वाचेल' म्हणणाऱ्याने दुसरे उपाय नाकारलेले नाहीत. 'मीटरनेच वाचेल' म्हणणाऱ्याने नळाचे एरेटर (धारेतलं पाणी कमी करणाऱ्या जाळ्या), गळती दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची टाकी सगळं एका अक्षरात बाद केलंय. बोलणाऱ्याने 'च' लावला नसेल तर आपण लावायचा नाही. बहुतेक भांडणं या उसन्या 'च' वर होतात.

कारण आहे, पण निष्कर्ष नाही अशी एक जागा शोधा

नवा शब्द सापडत नसेल तेव्हा ही दुसरी वाट. न्यायदर्शनातल्या उदाहरणाला अजून तोड नाही. 'डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे अग्नी आहे' हे ठीक. पण उलटं म्हणा: 'तिथे अग्नी आहे, म्हणून धूर असणार.' नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) विचारतात, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं काय? अग्नी आहे, धूर नाही. मग डोंगरावर असं काय होतं जे गोळ्यात नाही? ओलं इंधन. अग्नी आणि धूर यांचं नातं ओल्या लाकडाच्या अटीवर उभं होतं आणि ती अट कोणी बोललं नव्हतं. या अटीला त्यांनी उपाधी म्हटलं. कृती तीन प्रश्नांची: कारण खरं असून निष्कर्ष खोटा पडतो अशी एक जागा सांगा, तिथे काय कमी आहे ते पाहा, जे कमी आहे तेच गृहीतक.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीहून निघून दिवसभरात देशभर पोचली. युक्तिवाद होता: सोंडेला टेकवलेल्या चमच्यातलं दूध कमी झालं, म्हणून मूर्तीने ते प्यायलं. दूध कमी झालं यात खोटं काहीच नव्हतं, हजारोंनी डोळ्यांनी पाहिलं. नवा शब्द 'प्यायलं'. मधलं वाक्य: चमच्यातून गेलेलं दूध मूर्तीच्या आत गेलं, त्याला दुसरी वाट नव्हती. चमच्यातून दूध जातं पण आत शिरत नाही अशी जागा आहे का? आहे. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे द्रव ओढला जातो आणि पातळ थराने पृष्ठभागावरून खाली उतरतो. पांढऱ्या किंवा आधीच भिजलेल्या मूर्तीवर तो थर नजरेला येत नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या देवळात दुधात रंग घातला, आणि मूर्तीवरून उतरणारा ओघळ दिसला. श्रद्धा ठेवावी की नाही हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, सोडवायचाही नव्हता. त्यांनी एका गृहीतकाला रंग दिला, बस.

टक्केवारी दिसली की थांबा

टक्केवारीवरून तुलना केली की एक गृहीतक न बोलता येतंच: दोन्ही गट बाकी बाबतीत सारखे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९७३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या ८,४४२ पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना आणि ४,३२१ स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. निष्कर्ष समोरच होता, स्त्रियांना डावललं. मात्र १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ८५ विभाग एकेक करून पाहिले तेव्हा स्त्रियांच्या विरोधात ठळक फरक फक्त ४ विभागांत आढळला आणि पुरुषांच्या विरोधात ६ विभागांत. स्त्रियांनी जास्त अर्ज केले होते ते मुळातच कमी जणांना प्रवेश देणाऱ्या विभागांत. स्त्री-पुरुषांनी सगळ्या विभागांत सारख्याच प्रमाणात अर्ज केले, हे वाक्य एकूण आकड्यांखाली दडलेलं होतं. (स्त्रिया त्या विभागांकडे का वळल्या हा पुढचा प्रश्न, आणि तो काही छोटा नाही.)

क्लासच्या जाहिराती याच घरातल्या. 'आमच्या ५२ विद्यार्थ्यांना ९५ टक्क्यांच्या वर गुण' याला विचारायचे प्रश्न तीन: एकूण विद्यार्थी किती, क्लासमध्ये घेताना चाळणी परीक्षा होती का, आणि तीच मुलं दुसऱ्या एखाद्या क्लासच्या फलकावरही आहेत का.

परीक्षेतले 'विधान आणि गृहीतके' प्रश्न

स्पर्धा परीक्षांत हा प्रकार वेगळा करून येतो, यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये) उताऱ्याखाली येतो. रीत तीच, फक्त वेळ नाही: सीसॅटला १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. एक नमुना घेऊ.

विधान: ग्रामपंचायतीची सूचना, ३१ मार्चपूर्वी पाणीपट्टी भरणाऱ्यांना ५ टक्के सूट मिळेल.
(अ) सूट असेल तर काही लोक तरी वेळेत भरतील.
(ब) सध्या बहुतेक लोक पाणीपट्टी थकवतात.
(क) सूट नसेल तर कोणीच वेळेत भरणार नाही.
(ड) ग्रामपंचायतीचं उत्पन्न वाढेल.

अ चा नकार करा: सूट असूनही एकही माणूस वेळेत भरणार नाही. मग सूचना काढण्यात अर्थच उरत नाही, अ आवश्यक. ब चा नकार: बहुतेक लोक थकवत नाहीत. थोडेसेच थकवत असतील तरी सूट देता येते, ब गेला. क मध्ये 'कोणीच' आहे, एखादा जण सूट नसतानाही भरत असला तरी सूचना टिकते, क गेला. ड फसवा. तो पुढे घडू शकणारा परिणाम आहे, सूचनेआधी धरून चाललेली गोष्ट नाही. सूट देऊन उत्पन्न थोडं घटलं तरी पैसे मार्चअखेर हातात यावेत एवढाच हेतू असू शकतो. उत्तर फक्त अ.

सराव करताना पर्यायांतले 'सर्व', 'फक्त', 'नेहमी', 'कोणीच' आणि 'च' यांना आधी गोल करा. असे पर्याय गृहीतक म्हणून बरेचदा जादा कडक असतात. पण गोल केलेला पर्याय न तपासता खोडू नका. विधानातच 'फक्त' असेल तर कडक गृहीतकही आवश्यक ठरू शकतं, आणि पेपर काढणाऱ्याला ही सवय ठाऊक असते. आपल्याला बाहेरून माहीत असलेली गोष्ट आणि विधानाला लागणारी गोष्ट यांत गल्लत होत असेल तर विधानाखाली रेघ मारून नकार रफ कामाच्या पानावर अक्षरशः लिहा. नकार लिहूनही ठरत नसेल तर दीड मिनिट संपल्यावर प्रश्न सोडून पुढे जा.